गाडी फलाटावरून ऐकू येते

दोन अंकांपूर्वी याच पानावर मी सहज लिहून गेले होते की सध्या कॉन्सर्ट बँडसाठी, म्हणजे फुंकवाद्यं आणि तालवाद्यांच्या मोठ्या ताफ्यासाठी, एक ब्लूज ढंगाची रचना हातात आहे आणि तिचा विषय आगगाडी आहे. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, बहुधा बारा बारच्या फेऱ्यांत बांधलेलं; बार म्हणजे चार मात्रांचा एक खण. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापलेली नाहीत.

ताई, आमच्या हौशी बँडसाठी मी आगगाडीवर सहा मिनिटांची रचना केली आहे. सुरुवातीला भोंगा, मग छुकछुक, मग वेग, बोगदा, ब्रेक, स्टेशन. मधे बारा बारचा ब्लूज बसवला आहे. वाजतं छान, पण ऐकताना बालनाट्यातलं पार्श्वसंगीत वाटतं. स्कोअर सोबत पाठवत आहे. कुठे चुकतंय?

सर, तुमचा स्कोअर दोनदा वाचला. वाद्यांची वाटणी चोख आहे, युफोनियमला (छोट्या ट्यूबासारखं पितळी वाद्य) तर फार सुंदर ओळ दिली आहे तुम्ही. सुरांत चूक नाही. पण ही सगळी रचना तुम्ही इंजिनात बसून लिहिली आहे. भोंगा वाजवणारे तुम्ही, कोळसा टाकणारे तुम्ही, ब्रेक लावणारेही तुम्हीच. ब्लूज गाणारा माणूस बहुतेक वेळा इंजिनात नसतो. तो फलाटावर उभा असतो, नाहीतर रुळांपासून मैलभर लांब, अंथरुणात टक्क जागा. कित्येकदा त्याला गाडी दिसतही नाही, नुसती ऐकू येते. आणि त्या गाडीने कुणीतरी गेलेलं असतं, किंवा त्याला स्वतःला जायचं असतं आणि जाता येत नसतं.

हे समजायला माझी एक अख्खी रचना खर्ची पडली. अमेरिकेत एका हौशी बँडमध्ये मी बरीच वर्षं क्लॅरिनेट वाजवत होते. तिथे पहिल्यांदा आगगाडीवर लिहिलं तेव्हा तालवाद्यांवर सात माणसं उभी केली होती. सँडपेपरचे ठोकळे, घंटा, ऐरण, झांजा, सगळं. कार्यक्रमात टाळ्याही चांगल्या पडल्या. दुसऱ्या आठवड्यात तालमीच्या सुट्टीत आमच्या बास क्लॅरिनेटवाल्या बाई शेजारी येऊन बसल्या. वयाने माझ्या आईएवढ्या, कृष्णवर्णीय, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी वाद्याची रीड काढली, पुसली, डबीत ठेवली आणि विचारलं, “या गाडीने कोण गेलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी स्वतःच्या आजीची गोष्ट सांगितली. मिसिसिपीतून शिकागोला, इलिनॉय सेंट्रलच्या गाडीने, मांडीवर बुटांचं खोकं आणि त्यात तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी. जेवणाच्या डब्यात काळ्या माणसाला बसू देतील याचा भरवसा नव्हता, म्हणून घरून खोकं भरून घ्यायची पद्धत. आजी परत कधी दक्षिणेत गेली नाही. तिची आई फलाटावर उभी होती ती शेवटची.

1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय माणसं अमेरिकेचा दक्षिण भाग सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली. त्यातली असंख्य माणसं रेल्वेने गेली. दक्षिणेत त्यांना वेगळ्या डब्यात बसावं लागे आणि तो डबा बहुधा इंजिनाच्या लगोलग मागे जोडलेला असे, म्हणजे धूर आणि काजळी आधी त्यांच्या वाट्याला. ब्लूजमधल्या गाडीत हे सगळं भरलेलं आहे. ती आवाजाची गंमत म्हणून गाण्यात आलेली नाही.

मी ती जुनी रचना बाजूला ठेवली आणि नव्या कोऱ्या पानावर वरच्या कोपऱ्यात लिहिलं: ऐकणारी कुठे उभी आहे? आता प्रत्येक बारा बारच्या फेरीला मी हे उत्तर आधी ठरवते. पहिल्या फेरीत ती घरात आहे, गाडी फार लांब. दुसऱ्या फेरीत फलाटावर. तिसऱ्या फेरीत गाडी अंगावरून गेल्यासारखी जाते. चौथीत रूळ रिकामे. एवढं ठरलं की कोणतं वाद्य किती मोठ्याने आणि कुठून वाजेल हे आपसूक ठरतं. माझ्या तालवाद्यांवरची माणसं सातावरून तीनवर आली. तुमच्या स्कोअरमध्ये बोगदा कुणाला ऐकू येतोय? तुमच्या ब्लूजमधल्या माणसाला येत नसेल तर बोगदा काढा, सर. वाईट वाटेल, पण काढा. युफोनियमची ओळ मात्र कुठेही हलवू नका, तो माणूस तिथेच उभा आहे.

डीफोर्ड बेली नावाचे एक माउथऑर्गन वाजवणारे होते. 1927 साली त्यांनी ‘पॅन अमेरिकन’ या एक्स्प्रेस गाडीवरची त्यांची रचना रेकॉर्ड केली. हातात बोटभर लांबीचं वाद्य, आणि त्यातून पूर्ण गाडी येते आणि जाते. लहानपणी शाळेच्या वाटेवरच्या रेल्वेपुलाखाली उभं राहून ते गाडी ऐकत असत. पुलाखाली. हे मी स्वतःला वारंवार सांगत असते.

ब्लूज म्हणजे गिटार आणि एकटा गळा. कॉन्सर्ट बँड म्हणजे गणवेश, कवायत, पन्नास माणसं. हे दोन्ही एकत्र आणणं ओढूनताणून नाही का होत?

तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण ब्लूजच्या इतिहासातली सर्वांत जास्त सांगितली जाणारी घटना एका बँडमास्तरचीच आहे. डब्ल्यू. सी. हँडी हे कॉर्नेट वाजवायचे आणि 1903 च्या सुमारास मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेल गावी बँड चालवायचे. एका रात्री टटवायलर नावाच्या छोट्या स्टेशनवर त्यांची गाडी फार उशिरा येणार होती. बसल्या जागी त्यांना झोप लागली. जाग आली ती शेजारी एक फाटक्या कपड्यांतला माणूस गिटार वाजवत होता म्हणून. तो तारांवर सुरीचं पातं दाबून सरकवत होता आणि एकच ओळ परत परत गात होता. ओळीचा अर्थ असा की मी जातोय तिकडे, जिथे ‘सदर्न’ ‘डॉग’ला छेदते. सदर्न म्हणजे सदर्न रेल्वे आणि डॉग म्हणजे यलो डॉग, यझू डेल्टा भागातल्या मार्गाचं लोकांनी ठेवलेलं नाव. मूरहेड गावी हे दोन मार्ग काटकोनात एकमेकांना छेदत.

म्हणजे बघा, स्टेशन, रखडलेली गाडी, दोन रुळांच्या छेदावरचं गाणं आणि ते ऐकणारा बँडमास्तर. हँडींनी ती ओळ विसरू दिली नाही. 1914 मध्ये त्यांनी ‘यलो डॉग रॅग’ छापलं, पुढे त्याच्या नावातला रॅग जाऊन ब्लूज आला. त्याआधी 1912 मध्ये त्यांचं ‘मेम्फिस ब्लूज’ प्रसिद्ध झालं होतं. ब्लूज कागदावर उतरला त्या पहिल्या काही वर्षांतच तो बँडच्या हातांतून गेला आहे.

आणि ओढूनताणून होण्याबद्दल म्हणाल, तर बँड हा सगळा श्वासावर चालणारा कारभार आहे. क्लॅरिनेट ओठाने वाकवता येतं, ट्रॉम्बोनला मींड जन्मजातच आहे, ट्रम्पेटची कळ अर्धी दाबली की सूर घोगरा होतो, तोंडावर रबरी प्लंजर धरला की बोलल्यासारखा होतो. पियानोला यातलं काहीच करता येत नाही. जिथे ओढाताण होते ते वेगळंच ठिकाण आहे. पन्नास माणसांना एकाच वेळी सूर वाकवायला सांगितलं की चिखल होतो. वाकवणारा एक असू दे, फार तर दोन. बाकीच्यांनी सरळ आणि खरा सूर धरायचा, म्हणजे त्या एकाचं वाकणं ऐकू येतं.

गाडीच्या भोंग्यासाठी नेमके कोणते सूर वापरावेत? मी डिमिनिश्ड कॉर्ड वापरतो, पण तो भुताच्या सिनेमासारखा वाटतो.

तो तसा वाटणारच, काढून टाका. खरा भोंगा किती गोड असतो हे ऐकलंत तर थक्क व्हाल. अमेरिकेत अ‍ॅमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीच्या इंजिनांवर के-फाइव्ह-एल-ए नावाचा पाच तोंडांचा भोंगा सर्रास असतो. त्याचे सूर खालून वर असे: डी शार्प, एफ शार्प, जी शार्प, बी आणि वरचा डी शार्प. म्हणजे बी मेजर सिक्स्थ. बी ला षड्ज मानलं तर ग, प, ध, सां, गं. भूपातला रिषभ तेवढा वगळला आहे! पहिल्यांदा हे कागदावर मांडलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

बँडसाठी हे सगळं एक अर्धस्वर खाली आणा. डी, एफ, जी, बी फ्लॅट, डी. बी फ्लॅट हे बँडचं माहेर, सगळी वाद्यं तिथे मोकळी वाजतात. खालचे डी आणि एफ हॉर्नना द्या, त्यांच्या पानावर ते ए आणि सी दिसतील (हॉर्न आणि ट्रम्पेट पानावर लिहिलेल्या सुरापेक्षा खालचा सूर देतात). वरचे तीन ट्रम्पेटना, त्यांच्या पानावर ए, सी, ई. शाळेतल्या मुलांनाही जड नाही.

आता यात ब्लूज कुठे? या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार खालीही आहे आणि वरही आहे. त्यावर तुमच्या गाणाऱ्या वाद्याला, माझ्याकडे एकटी क्लॅरिनेट आहे, कोमल गंधार द्या, म्हणजे डी फ्लॅट. तोही सरळ देऊ नका, कोमलकडून शुद्धाकडे निघालेला आणि मधेच अडकलेला असा द्या. ब्लू नोट म्हणतात ती हीच जागा. भोंगा आपला गोड वाजतो आहे आणि माणसाचा सूर त्याच्याशी घासतो आहे. माझ्या रचनेचा प्राण या दोन सुरांत आहे, बाकी सगळं नसलं तरी चालेल. एक काळजी घ्या. पहिल्या तालमीत कुणीतरी भला वादक तो डी फ्लॅट छपाईची चूक समजून डी करून वाजवणार. माझ्याकडे दोघांनी पेन्सिलीने सुधारूनही ठेवला होता. त्या सुरावर पानातच लिहा की हा घासलाच पाहिजे.

हा भोंगा डिझेलच्या काळातला. वाफेच्या इंजिनाच्या शिट्ट्या निरनिराळ्या असत आणि दोरी हातात असल्यामुळे ड्रायव्हर त्यांना वळण देऊ शकत. दोरी हळूहळू ओढली की सूर खालून चढत येतो, सोडताना ढळत जातो. 30 एप्रिल 1900 ला मिसिसिपीत व्हॉन गावाजवळ अपघातात गेलेले इंजिन ड्रायव्हर केसी जोन्स त्यांच्या शिट्टीसाठी ओळखले जायचे. रुळांजवळच्या घरांतली माणसं शिट्टीवरून सांगत की आज गाडीवर कोण आहे.

फाटकापाशी वाजवायची खूण अमेरिकेत ठरलेली आहे: लांब, लांब, आखूड, लांब. शेवटचा लांब सूर इंजिन फाटकावर पोचेपर्यंत धरतात. हा लयीचा आयता मुखडा आहे. मी तो संपूर्ण रचनेत चार वेळा वापरला आहे आणि त्यातला एकदाच भोंग्यावर. उरलेल्या तीन वेळा तो बासच्या चालीत, क्लॅरिनेटच्या गाण्यात आणि शेवटी नुसत्या बास ड्रमवर येतो.

आणि एक फार जवळची गोष्ट. गाडी तुमच्या पुढून जाते तेव्हा भोंग्याचा सूर उतरतो, डॉप्लर परिणामामुळे. तो किती उतरतो? ताशी 60 मैल, म्हणजे साधारण 96 किलोमीटर वेगाला हिशोब केला तर येताना आणि जाताना यांतला फरक जवळजवळ पावणेतीन अर्धस्वर निघतो. कोमल गंधारावरून षड्जावर येणं म्हणजे तीन अर्धस्वर. म्हणजे वेगात जाणारी गाडी ब्लूजमधलं सगळ्यांत ओळखीचं उतरणं जवळपास जसंच्या तसं गाऊन जाते. ट्रॉम्बोनवर डी फ्लॅट दुसऱ्या पोझिशनला (सरकत्या नळीच्या ठरलेल्या जागेला) लावा आणि पाचव्या पोझिशनपर्यंत न तोडता ओढा, बी फ्लॅट येतो. एकाच श्वासात, एकाच पार्शलवर, म्हणजे ओठांची पकड न बदलता, सूर कुठे फुटत नाही. ऐकणारी रुळाला खेटून असेल तर ही मींड झपकन, लांब असेल तर सावकाश. परत तोच प्रश्न: ती कुठे उभी आहे?

लाकडी ट्रेन-व्हिसल मिळते, ती वापरली तर चालेल?

मी वापरत नाही. ती वाजली की श्रोते हसतात, आणि पुढच्या वीस बारमध्ये तुम्हाला त्यांचं काळीज हवं असतं.

वेग वाढत जातो तो भाग लिहिताना आमचा बँड दर वेळी फिसकटतो. लय वाढवत नेली की मागचे लोक मागे आणि पुढचे पुढे. काय करावं?

लय वाढवूच नका. आपल्याकडे जे लहानपणापासून शिकवतात तेच करा: बराबर, दुगुन, तिगुन, चौगुन. ठेका तोच राहतो, मात्रेतले सूर वाढतात. आर्थर होनेगरने 1923 साली ‘पॅसिफिक 231’ या वाद्यवृंदाच्या रचनेत याहून पुढची गोष्ट केली. मात्रेतले सूर वाढत जातात आणि मूळ लय उलट उतरत जाते, तरी ऐकणाऱ्याला वाटतं की इंजिन सुसाट सुटलंय. बँडला याने फार सोयीचं होतं, कारण वाजवणाऱ्यांना धावावं लागत नाही. ड्यूक एलिंग्टनने 1933 च्या ‘डेब्रेक एक्सप्रेस’मध्ये गाडी सुटते तो भाग ऐका. तिथे मात्र वाद्यवृंद खरोखर वेग वाढवतो आणि एकही माणूस सांडत नाही. पण ती माणसं वर्षानुवर्षं एकत्र वाजवणारी होती आणि दक्षिणेतले दौरे स्वतःसाठी घेतलेल्या पुलमन डब्यांतून, म्हणजे झोपायची सोय असलेल्या डब्यांतून, करत होती, कारण तिथली हॉटेलं त्यांना खोली देत नसत. गाडी त्यांचं घरच झाली होती.

आकडे एकदा हातात असलेले बरे. दोन सिलिंडरचं वाफेचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार फुसकारे टाकतं. चाक सहा फूट व्यासाचं धरा. ताशी 10 मैलांना मिनिटाला साधारण 187 फुसकारे होतात, म्हणजे 93 च्या लयीत मात्रेला दोन. झकास बसतं. पण ताशी 60 मैलांना तेच सेकंदाला अठरा-एकोणीस होतात आणि कानाला नुसती घरघर उरते. म्हणून पूर्ण वेगातल्या गाडीला छुकछुक लिहिली की ती खोटी वाटते. छुकछुक फक्त सुटताना.

वेगात ऐकू येतात ते रुळांचे सांधे. अमेरिकेत जुना रूळ 39 फुटी असे. ताशी 60 मैलांना डब्यात बसलेल्या माणसाला एका बाजूच्या रुळाचे मिनिटाला 135 सांधे लागतात. शिवाय तिथे डाव्या-उजव्या रुळांचे सांधे समोरासमोर ठेवत नाहीत, एकाआड एक ठेवतात, त्यामुळे मधल्या जागी दुसऱ्या बाजूचा ठोका पडतो. पण बाहेर जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकू येत नाही! त्याच्यासमोर एकच सांधा असतो आणि त्यावरून चाकं जातात. एका डब्याची मागची बोगी (म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा), लगेच पुढच्या डब्याची पुढची बोगी, मग मोकळी जागा, मग परत. 85 फुटी डबा धरला तर हे आवर्तन मिनिटाला 62 वेळा येतं. म्हणजे एकाच गाडीच्या दोन लयी: आत 135, बाहेर 62, एकीच्या दुपटीहून दुसरी जराशी जास्त. मी आतली लय क्लॅरिनेटना दिली, बाहेरची ट्यूबा आणि बास ड्रमला, आणि दोन्ही बसाव्यात म्हणून आतली 124 वर आणली. जुन्या जड पुलमन डब्यांच्या बोगीला तीन धुरा असत, म्हणून स्नेअर ड्रमला मी तीन ठोक्यांचा रफ लिहिला आहे, ब्रशने, काठीने नाही. त-क-ट, त-क-ट, मग शांत. त-क-ट, त-क-ट, मग शांत. ती शांत जागा भरायचा मोह होतो. भरू नका.

ताई, मी सतरा वर्षांची आहे, सॅक्सोफोन वाजवते. बारा बारचा साचा मोडला तर त्याला ब्लूज म्हणतील का? माझं नेहमी तेरा होतं.

म्हणतील, बिनधास्त लिही. एकट्याने गिटार घेऊन गाणारे जुने गायक बार मोजत बसत नसत. शब्द संपले की गिटार जितका वेळ बोलेल तितका वेळ, मग पुढची ओळ. पण आधी साचा कशासाठी आहे ते बघ. ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, तिसऱ्या ओळीत उत्तर. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात आणि गाणं त्यातले अडीचच खातं. उरलेला दीड बार दुसऱ्या कुणाचा तरी असतो. तुझं तेरा होतंय ते बहुधा त्या उरलेल्या जागेत तुला आणखी काही ऐकू येतंय म्हणून. ते काय आहे ते शोध. माझ्या रचनेत त्या दीड बारमध्ये गाडी आहे: रंगमंचाच्या मागे, दाराबाहेर उभा केलेला एक हॉर्न. पहिल्या ओळीनंतर तो वाजतो, दुसऱ्या ओळीनंतर थोडा जवळ येऊन वाजतो, तिसरीनंतर वाजतच नाही.

एकच कर. एकटी वाजवताना तेरा चालतात, पन्नास जणांच्या बँडमध्ये तो तेरावा बार प्रत्येकाच्या पानावर ठळक दिसला पाहिजे. तिथे दुहेरी रेघ मार आणि आकडा मोठा लिही.

हे दुःख आपलं नाही. आपण यावर लिहावं का?

बरेच दिवस मलाही हा प्रश्न छळत होता, आणि तो सुटला आहे असं मी म्हणणार नाही. एवढं मात्र ठरवलं आहे की माहिती करून न घेता एक बारसुद्धा लिहायचा नाही. 1892 मध्ये होमर प्लेसी नावाचा माणूस लुइझियानात गोऱ्यांच्या डब्यात जाणूनबुजून बसला, त्याला अटक झाली, आणि 1896 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळे डबे कायदेशीर ठरवले. पुलमनच्या शयनयानांत सेवा करणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांनी 1925 मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली. याच पोर्टरांनी शिकागोतली वर्तमानपत्रं दक्षिणेतल्या गावोगावी पोचवली आणि ती वाचून माणसं उत्तरेला निघाली. कार्यक्रमाच्या पत्रिकेत मी हे सगळं थोडक्यात लिहिते आणि वादकांना पहिल्या तालमीच्या आधी वाचायला देते. भूप आणि मींड यांच्या आधाराने मी ब्लूज समजून घेते, तो माझा मार्ग आहे. पण रचना ब्लूजमध्ये उभी राहिली पाहिजे, म्हणून ती मी आधी त्या बास क्लॅरिनेटवाल्या बाईंना पाठवली. त्यांनी दोन जागा खोडल्या. दोन्ही ठिकाणी मी सूर जास्त लिहिले होते.

शेवट कसा करावा? गाडी थांबवावी की निघून जाऊ द्यावी?

जाऊ द्या. थांबलेल्या गाडीचा शेवट वाजवायला सोपा असतो, जोरात कॉर्ड, झांज, टाळ्या. पण फलाटावरच्या माणसासाठी गाडी थांबत नाही.

माझा शेवट असा आहे. ट्रॉम्बोनची मींड उतरते. भोंग्याच्या पाच सुरांतले एकेक सूर गळत जातात, आधी वरचा डी, मग बी फ्लॅट, मग जी, मग एफ, खालचा डी सगळ्यांत शेवटी. स्नेअर कधी थांबला हे कळू नये, म्हणून ब्रश कातड्यावरून उचलायचा नाही, नुसता थांबवायचा. मग बास क्लॅरिनेट एकटी, तिच्या खालच्या पट्टीत, तिसरी ओळ पहिल्यांदा पूर्ण म्हणते. ओळीनंतरचा दीड बार रिकामा. तिथे मी आधी फर्माटा (संचालक सोडेपर्यंत थांबायची खूण) लिहिला होता आणि तो चुकला, सगळे संचालकाच्या हाताकडे डोळे लावून बसायचे आणि त्यांचं ते वाट बघणं सभागृहात दिसायचं. आता सहा मात्रांची मोजलेली विश्रांती लिहिली आहे, संचालकाने हात खाली ठेवायचा, आणि शेवटचं पान अशा बेताने छापलं आहे की त्या सहा मात्रांत कुणालाही कागद उलटावा लागू नये.